भोंगाबाई आणि दुसरा ब्रेक

भोंगाबाई पहिल्यांदा मेली ती भर दुपारी, पेट्रोलपंपाच्या अलीकडच्या सिग्नलला, शिकवणीच्या गाडीत. शेजारी स्टेअरिंगवर बँकेतला एक जाडगेला कारकून बसला होता. त्याचा काडीचा दोष नव्हता. उलट जन्मात पहिल्यांदा त्याची गाडी सिग्नलला बंद न पडता उभी राहिली होती आणि शाबासकीच्या आशेनं तो बाईकडे बघत होता. शाबासकी द्यायच्या अवस्थेत बाई नव्हती. छातीत घण पडत होते, बोटांना मुंग्या आल्या होत्या, कितीही ओढला तरी श्वास आत पोचत नव्हता, आणि सिग्नल, रस्ता, कारकुनाचा घामेजलेला गाल, सगळं जाड काचेपलीकडे गेल्यासारखं दिसत होतं. एकच गोष्ट स्वच्छ कळत होती की आपलं संपलं. इथेच, ह्या माणसाशेजारी.

"हिरवा झाला," कारकून म्हणाला.

"मी मरतेय," बाई म्हणाली.

"मग पहिला गिअर टाकू का?"

भोंगाबाई हे नाव तिला तिच्या आवाजामुळे पडलं होतं. गाडीला हॉर्न होता, पण तो वाजलेला कुणी ऐकला नव्हता. तशी गरजच पडत नसे. कुणी आडवा आला की बाई काच खाली करून अशी काही ओरडायची, की चालणारे सोडाच, ट्रकवालेसुद्धा मुकाट बाजूला व्हायचे. शहरातली निम्मी माणसं तिच्या हाताखाली गाडी शिकली होती आणि उरलेली निम्मी तिच्या धाकानं पायी चालत होती. शाळा म्हणजे एक गाडी, एक शटर आणि बाई. गाडीची खुबी एवढीच, की शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. शिकाऊ माणसानं काहीही दिवे लावले तरी बाईनं पाय दाबला की गाडी जागच्या जागी थांबायची. एवढ्या वर्षांत तिच्या गाडीनं कुणाला साधं खरचटवलंही नव्हतं, आणि ह्याचा तिला इतका गर्व होता की तो ऐकून ऐकून नातेवाइकांचे कान किटले होते.

तर कारकुनानं गाडी भर रस्त्यात सोडून बोंब ठोकली. पंपावरची माणसं धावली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी चप्पल काढून तळवे चोळले, आणि एका शहाण्यानं नेहमीप्रमाणे "गॅसेस असतील" असं निदान केलं. बाईचा नवरा दोन गल्ल्यांपलीकडे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो धावत आला तो गिऱ्हाइकाची फ्रेम हातात घेऊनच. दुकानावरच्या मजल्यावर राहणारी त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईची नणंद, त्याच्या मागोमाग आली. दोघं रुग्णवाहिकेत तिच्या दोन्ही बाजूंना बसली आणि दार लागलं.

आता मरायचंच आहे तर मनात ठेवून कशाला मरा, असा बाईनं विचार केला.

"वन्सं," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही विणलेला तो शेवाळी स्वेटर मी एकदाही घातला नाही. गाडीच्या काचा पुसते मी त्यानं. छान निघतात."

"अगं, बोलू नकोस तू," नणंद म्हणाली.

"बोलणार. मी गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करायचे नाहीत." मग तिनं नवऱ्याचा हात धरला. "अहो, तुम्ही गाडी शिका. येईल तुम्हाला. उगाच म्हणायचे मी, येणार नाही म्हणून."

नवऱ्याच्या हातातली फ्रेम खाली पडली. लग्न झाल्यापासून चार माणसांत बसलं की बाईचं एक वाक्य ठरलेलं असे: ह्यांच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तिचं कारणही तयार असे. हे रस्त्यानं चालतानासुद्धा समोरच्याला 'आधी तुम्ही' म्हणतात, ह्यांची गाडी फाटकातून बाहेर कधी पडायची? लोक हसायचे. तोही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत जाऊन उभा राहायचा.

दवाखान्यात छातीला तारा लावून कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं, फोटो काढला. सगळं ठणठणीत निघालं. कोवळ्या वयाच्या डॉक्टरनं कागद बघितले आणि हसतमुखानं सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." ऐकायला हे वाक्य गोड वाटतं. पण अर्ध्या बाजारादेखत मरून दाखवलेल्या माणसाला ते कानाखाली वाजवल्यासारखं लागतं. खोटं बोलत होते का मी, असं बाईनं त्या पोराला खडसावून विचारलं. तो म्हणाला, तसं नाही, ताण असेल, विश्रांती घ्या.

मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, आपलं बोललेलं त्याला निस्तरावं लागत नाही. बाईला घरी यावं लागलं. नणंदेनं दुसऱ्याच दिवशी स्वेटर परत मागवला. बाईनं तो धुऊन, इस्त्री करून दिला, तेव्हा नणंदेनं तो नाकाला लावून हुंगला आणि दार लावून घेतलं. नवरा मात्र काहीच म्हणाला नाही. त्यामुळे बाईला वाटलं की तो विसरला.

पुन्हा गाडीत बसली तेव्हा बाईचा आवाज तोच होता, पण पाय पहिले राहिले नव्हते. मरणाची भीती होतीच, पण तिची खरी धास्ती वेगळीच होती. शिकाऊ माणूस स्टेअरिंगवर असताना, गाडी वेगात असताना हे परत झालं, आपला पाय लुळा पडला, आणि त्या बावळटानं रस्त्यावरच्या कुणाला चिरडलं, तर? हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. भोंगाबाई घाबरते हे कळलं तर शहरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिला वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून ती पाय दुसऱ्या ब्रेकवर टेकवूनच बसू लागली, आणि टेकलेला पाय दाबायला कारण लागत नाही. कबुतर उतरलं, दाब. पिशवी उडाली, दाब. समोरून सावली सरकली, तीही गाडीचीच, तरी दाब. शिकणाऱ्यांची डोकी मागे पुढे आपटू लागली. कारकून तर गळ्यात पट्टा घालून आला आणि पट्ट्याच्या आतून म्हणाला, "बाई, मी बसनंच जात जाईन."

दुसऱ्यांदा ती पुलावर मेली. एका शिक्षिकेला चढावर हाफ क्लच शिकवता शिकवता एकदम तेच सगळं सुरू झालं: घण, मुंग्या, काच. बाईनं गाडी थांबवून घेतली, दार उघडलं आणि पुलाच्या कठड्याला धरून फुटपाथवर बसली. बसल्यावर लगेच बरं वाटलं. गाडीतून उतरलं की जीव वाचतो, हे तिच्या अंगानं तिथल्या तिथे पाठ करून टाकलं. पुढच्या आठवड्यात तिनं पूल टाळला. मग पंपावरचा सिग्नल टाळला. मग सिग्नलकडे जाणारा रस्ता टाळला. टाळता टाळता शिकवायला उरली शटरसमोरची गल्ली, आणि तिथे गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत जाण्याआधीच भिंत यायची. शेवटी तिनं शटरला पाटी लावली: 'सायलेन्सरच्या कामासाठी बंद.' सायलेन्सरला काहीही झालेलं नव्हतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. तिनं गाडी सोडली, पण झटका तिला सोडेना. गाडीत सापडत नाही म्हणून तो सरळ जिना चढून घरात आला. कांदा चिरत असताना, रेडिओ चालू असताना, आपल्या ओट्यासमोर उभी असताना बाई तिसऱ्यांदा मेली. नवऱ्यानं टॅक्सी करून दवाखान्यात नेली. दारातल्या नर्सनं तिच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, "आलात? बसा. आज जरा गर्दी आहे."

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. बाई संतापली. त्या संतापात झटका अर्धा ओसरला हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ह्या खेपेला डॉक्टरांनी थायरॉईडसकट सगळं तपासलं, सगळं चोख निघालं, आणि त्यांनी तिला वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. हा टकला, ढगळ शर्टातला माणूस होता आणि त्याच्या टेबलावर गार झालेला चहा होता.

"खाली ती निळी गाडी तुमची का?" बाईनं बसायच्या आत विचारलं. "दोन गाड्यांची जागा अडवलीय तुम्ही."

"मला मागे घेता येत नाही नीट," डॉक्टरनं कबूल केलं. त्यामुळे बाईला तो जरा माणसात असल्यासारखा वाटला आणि तिनं पुढचं सगळं सांगितलं. कबुतर, पूल, फुटपाथ, सगळं. फक्त शिकाऊ माणसाच्या हातून कुणी चिरडलं जाईल ही भीती सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला, की डॉक्टरला पुढे वाकावं लागलं.

"ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात," तो म्हणाला. "गाडीत चोर शिरला की अलार्म वाजतो ना? तुमचा अलार्म बॉनेटवर मांजर बसलं तरी वाजतोय. आवाज खराच आहे. चोर मात्र नाही."

"मग छाती धडधडते ती?"

"खरंच धडधडते. पळायची तयारी करतं शरीर, एवढंच. अशा धडधडण्यानं निरोगी माणूस मरत नाही." मग तो उठला आणि म्हणाला, "चला, दोघं मिळून भराभर श्वास घेऊ. कुत्रं धापा टाकतं तसा."

आणि तो ढगळ माणूस खरोखर कुत्र्यासारखा हांफायला लागला. बाईला लाज वाटली, पण एकट्याला हांफू देणं बरं दिसेना म्हणून तीही हांफली. थोड्याच वेळात तिच्या बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं आणि टेबल काचेपलीकडे गेलं.

"हेच ना?" डॉक्टरनं खुर्चीला धरून विचारलं. त्यालाही गरगरत होतं.

"हेच!"

"मेलात?"

"अजून तरी नाही."

मग दोघं आपापल्या खुर्चीत बसून राहिले आणि ते आपोआप उतरलं. बाईनं उतरवलं नाही, गोळीनं उतरवलं नाही, ती कुठे पळालीही नाही. डॉक्टरनं सांगितलं की झटका असाच असतो, चढतो आणि काही मिनिटांत स्वतःच दमून उतरतो. पण तुम्ही तो उतरायच्या आधी पळता. मग अंगाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो. म्हणून पुढच्या वेळी ते आणखी लवकर बोंब मारतं.

"मग काय करायचं?"

"आला की 'आला' म्हणायचं. श्वास बाहेर सोडताना जरा लांबवायचा. आणि जिथे असाल तिथेच राहायचं. परत येईल तो, येऊ दे. ब्रेक मारायचा नाही."

"डॉक्टरसाहेब," बाई म्हणाली, "ब्रेक मारणं हा माझा धंदा आहे."

घरी येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं. हे आपल्याला जमणार नाही. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याचं चुकायच्या आधी पाय दाबला, तिला पाय आवर म्हणणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर राहायला सांगणं. झटका आला की ती दाबणारच, आणि एक दिवस भलत्या वेळी दाबेल, नाहीतर दाबायच्या वेळी पाय लुळा पडेल. त्यापेक्षा शाळा बंद केलेली बरी, गाडी विकून टाकू. नवरा जेवायला बसला होता, त्याला तिनं हे सांगितलं. नुसतं शाळेचंच नाही. चिरडण्याची भीतीही सांगितली. बोलता बोलता तिला रडू कोसळलं, आणि ह्या आवाजाची बाई रडते तेव्हा काय होतं ते खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना विचारावं.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. चष्मेवाल्या माणसाला घाई नसते. ह्या काचेनं बरं दिसतं की त्या, हे तो एकेका गिऱ्हाइकाला दहादा विचारतो.

"विक हवी तर," तो म्हणाला. "पण आधी मला शिकव."

"तुम्हाला?"

"रुग्णवाहिकेत म्हणालीस ना, येईल म्हणून."

"अहो, मी मरत होते तेव्हा!"

"मरताना माणूस खरं बोलतं. ताईलाही तू खरंच सांगितलंस." त्यानं ताट बाजूला सारलं. "जन्मभर मी बसच्या रांगेत हसत उभा राहिलो. मला प्रत्येक वेळी हसू येत होतं असं नाही."

हे त्यानं इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की बाईनं डोळे पुसले आणि गाडीची किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

पहिल्या शिकवणीत तिनं इतक्या वेळा दुसरा ब्रेक दाबला, की गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत नवऱ्याचा चष्मा दोनदा नाकावरून उडाला. दुसऱ्या शिकवणीत तो निम्म्या रस्त्यात उतरला आणि घरी चालत गेला. तिसऱ्या दिवशी किल्ली हातात घेऊन त्यानं अट घातली.

"पाय वर."

"म्हणजे?"

"मांडी घालून बस. चपला काढ, पाय सीटवर घे."

"इन्स्ट्रक्टर कधी मांडी घालून बसतो का हो? जेवायला बसलेय का मी?"

"मग मी बसनं जातो."

बाईनं चपला काढल्या. रविवारची सकाळ होती. पुढच्या सीटवर पट्ट्यात अडकून मांडी घालून बसलेली भोंगाबाई आणि शेजारी पाठीचा कणा ताठ करून स्टेअरिंगला लटकलेला चष्मेवाला, अशी ती वरात गल्लीबाहेर पडली. पहिल्या कोपऱ्यावर तिचे दोन्ही पाय मांडीतल्या मांडीत ब्रेक शोधत होते. दुसऱ्या कोपऱ्यावरही. पण गाडी कुठे आपटली नाही. नवरा सावकाश चालवत होता, फार सावकाश, सायकलवाले पुढे जात होते, पण चालवत होता.

आणि मग मोठा गोल चौक आला. मधे बाग, भोवती तीन पदरी रस्ता, चारी बाजूंनी येणाऱ्या गाड्या. बाईचं म्हणणं होतं अलीकडेच वळावं, पण ते तिनं म्हणेपर्यंत नवरा आत शिरला होता, आणि गाड्यांच्या रेट्यात थेट आतल्या, बागेला लागून असलेल्या पदरात जाऊन पडला. आता बाहेर पडायचं तर दोन पदर ओलांडायला हवेत. त्यानं इंडिकेटर लावला. बाहेरच्या बाजूनं टेम्पो आला, ह्यानं त्याला जाऊ दिलं. मागून मोटार आली, तिलाही जाऊ दिलं. तेवढ्यात बाहेर पडायचा रस्ता मागे गेला.

"पुढच्याला पडू," तो म्हणाला. पुढच्याला एक म्हातारा स्कूटरवरून आला. म्हाताऱ्याला तर जाऊ द्यायलाच हवं होतं.

पहिली फेरी पुरी होता होता बाईला तो आला. पायऱ्या मोजत येणाऱ्यातला तो नव्हे, धाडकन आला. छातीत घण, बोटांत मुंग्या, घशात बूच. चौक काचेपलीकडे गेला. अंग एकच ओरडत होतं, थांबव, उतर, पळ. पाय ब्रेककडे निघाले आणि मांडीत अडकले. बसून बसून ते असेही बधिर झाले होते. पण हँडब्रेक दोघांच्या मधे होता आणि हात मोकळे होते. तिचा हात हँडब्रेकवर गेला. तिनं तो धरला. तीन पदरांत, गाड्यांच्या गर्दीत, हा खेचला तर मागची गाडी आपल्यावर येईल, हे तिला कळत होतं, आणि तरी हात खेचायला निघाला होता. त्या क्षणी तिला पहिल्यांदा दिसलं, की इतके महिने ज्या अपघाताला ती भीत होती तो शिकाऊ माणूस करणार नव्हता, ती स्वतःच करणार होती.

तिनं हात उचलला आणि दोन्ही हात आपल्या मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसली.

"आला," ती म्हणाली.

"कोण आला? कुठून?" नवऱ्यानं घाबरून तिन्ही आरसे बघितले.

"झटका आला!"

"अरे देवा. थांबवू?"

"थांबवू नका! चालवत राहा."

"अगं, पण बाहेर पडताच येत नाही मला!"

"मग पडू नका! फिरा!"

तो फिरला. बाई लांब श्वास सोडत होती, आणि तिचा लांब श्वास म्हणजे पंक्चर टायर. जीव जातोय असं वाटत होतं. जातो तर जा मेल्या, असं तिनं जिवाला मनातल्या मनात सांगितलं, मी इथून हलणार नाही, आणि खरं म्हणजे हलायची सोयच नाही, हा माणूस टेम्पोला वाट देतोय. दुसरी फेरी झाली. बागेत एक माळी नळीनं पाणी घालत होता. मघाशी त्यानं नुसतं बघितलं होतं, आता ओळखीचं माणूस दिसावं तसा हात केला. तिसऱ्या फेरीला पुन्हा हात केला, जरा जोरात. बाईनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या नळीला मधेच भोक होतं आणि सगळं पाणी त्याच्या बुटात जात होतं. अहो, नळी बघा, असं ओरडावंसं तिला वाटलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला गवत दिसतंय. हिरवं, लख्ख, काचेअलीकडे. छाती अजून जोरात चालत होती, पण जिना चढून आल्यावर चालते तेवढीच. मुंग्या फक्त पायांत होत्या, त्या मांडीच्या. झटका तिच्याआधी दमला होता.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो घामानं निथळत होता, ओठ मुडपून, डोळे रस्त्यावर रोवून चालवत होता. दर थोड्या वेळानं आरसा बघत होता. पुढच्या गाडीपासून अंतर राखत होता. गिअर बदलताना गाडी हिसका खात नव्हती. हे त्याला तिनं शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्यानं ते बघून बघून घेतलं असावं.

बाई नुसती बसून राहिली, आणखी एक फेरी, मग आणखी एक. माळी आता नळी खाली ठेवून दोन्ही हात करत होता.

मग ती घसा साफ करून म्हणाली, "इंडिकेटर. आरसा बघा. आता मान वळवून मागे बघा. ती पांढरी गाडी जाऊ दे, तिच्यामागे आपण. कुणाला नमस्कार करत बसू नका. घ्या आता. घ्या. घ्या."

त्यानं घेतली. एक पदर, दुसरा पदर, आणि गाडी चौकातून बाहेर पडली. पहिल्या मोकळ्या जागेला त्यानं ती कडेला उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, सगळं क्रमानं. मग त्यानं चष्मा काढून कपाळाचा घाम पुसला.

"गेला का गं?" त्यानं विचारलं.

"कधीच गेला."

"कधी?"

"तिसऱ्या फेरीला."

"तिसऱ्या!" त्याचा आवाज चिरकला. "मग पुढे कशाला फिरवलंस मला? अगं, इथे माझा जीव टांगणीला लागलेला, वाटलं तू मरतेस का मी. सांगायचं नाही का?"

बाईनं मांडी सोडली. पायांत रक्त उतरेपर्यंत तिनं ते चोळले.

"तुम्ही छान चालवत होता," ती म्हणाली. "मला बघायचं होतं."